एकवीस प्रमुखांचं श्रमदान

आमच्या श्रमदानाला एकवीस माणसं आली आणि ती एकवीसच्या एकवीस प्रमुख होती. हे कसं झालं ते मी सांगू शकतो, कारण ते मीच केलं होतं.

वरसाव्याला, घोडबंदर रस्त्यापासून थोडं आत, आमच्या चर्चचा कॅम्प आहे. कॅम्प म्हणजे एक लांबलचक कौलारू हॉल, एक स्वयंपाकघर, दोन मोऱ्या, एक विहीर आणि एक आंब्याचं झाड. दर उन्हाळ्यात तिथं मुलांचं पाच दिवसांचं शिबिर भरतं. म्हणजे भरायचं. मागच्या वर्षी पालक हॉल बघायला गेले. भिंतींचे पोपडे आणि माळ्यावर वटवाघळांनी करून ठेवलेली घाण बघून त्यांनी उभ्या उभ्या शिबिर रद्द केलं. आमची रूथ तेव्हा आठ वर्षांची होती आणि पहिल्यांदाच जाणार होती. आठवडाभर नवी टॉर्च उशाशी घेऊन झोपत होती. रद्द झाल्याचं कळल्यावर ती रडली नाही. तिनं टॉर्चमधले सेल काढले आणि टीव्हीच्या रिमोटमध्ये घातले. मला ते फार लागलं. मी तिला शब्द दिला, "पुढच्या वर्षी शिबिर होणार म्हणजे होणार. पप्पा स्वतः हॉल साफ करून घेतील."

यातलं 'करून घेतील' तेवढं लक्षात ठेवा.

यंदा शिबिर सोमवारी सुरू व्हायचं होतं, रविवारी संध्याकाळी पालक हॉल बघायला येणार होते आणि शनिवारी श्रमदान ठरलं. संयोजक मी. लागोपाठ तीन रविवार उपासना संपल्यावर मी पुढं उभा राहून आवाहन केलं. लोकांनी फार प्रेमानं हात मिळवले. "छान उपक्रम आहे, भाऊ. आम्ही प्रार्थनेत आठवण ठेवू!" (आमच्याकडे 'प्रार्थनेत आठवण ठेवू' म्हणजे येणार नाही. ज्याला यायचं असतं तो विचारतो, जेवायला काय आहे?) तिसऱ्या रविवारी यादीत दोन नावं होती. एक माझं आणि दुसरं माझ्या बायकोचं, सुवार्ताचं. तिचंही मीच लिहिलं होतं.

त्याच दुपारी बेव्हर्ली पार्कच्या आमच्या घरात कढई घासता घासता मी गायकवाडकाकांना फोन लावला. (सुवार्ताला कढई नीट घासता येत नाही, म्हणून ते काम माझ्याकडे आहे.) गायकवाडकाका रिटायर झालेले, घरी मोकळे, पण श्रमदान म्हटल्याबरोबर त्यांचे गुडघे दुखायला लागले.

"अरे, मला उभं राहवत नाही रे. तुम्ही तरुणांनी करायचं आता. आम्ही प्रार्थनेत..."

माझ्या तोंडून सहज निघून गेलं, "काका, पण मी तुम्हाला रंगकाम प्रमुख करणार होतो."



"प्रमुख?"

"हो."

"किती वाजता यायचं?"

कढईत साबणाचा फेस तसाच ठेवून मी यादी पुढं ओढली. गुरुकिल्ली सापडली होती! लोखंडेमावशी नाश्ता प्रमुख झाल्या. पॉल साहित्य प्रमुख झाला. मग चुना प्रमुख, पाणी प्रमुख, झाडू प्रमुख, जळमटं प्रमुख असं होत होत खाती संपली तरी माणसं उरली. शिडी एकच होती, पण ती मागणारे दोघे सख्खे भाऊ निघाले. एकाला दिली असती तर दुसरा रुसला असता. म्हणून एक शिडी प्रमुख पूर्व आणि दुसरा शिडी प्रमुख पश्चिम. मंत्रिमंडळ बनवणाऱ्या लोकांना उगाच एवढा वेळ लागतो, असं मला त्या दिवशी प्रामाणिकपणे वाटलं.

"आणि मी?" सुवार्तानं विचारलं.

"तू काय, घरचीच!"

"हं," ती म्हणाली.

(सोळा वर्षांच्या संसारानंतर माणसाला त्या 'हं'चा अर्थ कळायला हवा.)

बॅज छापायला मी मीरा रोड स्टेशनजवळच्या एका दुकानात गेलो. दुकानदारानं यादी वरून खाली वाचली, मग खालून वर वाचली.

"भाईसाब, ये तो सब प्रमुख हैं. बाकी लोगों का बाद में बनवाओगे?"

"बाकी कोई नहीं है."

"तो काम कौन करेगा?"

"सब मिलके करेंगे," मी म्हणालो.

त्यानं मान हलवली आणि बॅजबरोबर एक पेन फुकट दिलं. मला ती शुभेच्छा वाटली. ती सहानुभूती होती हे शनिवारी कळलं.

शनिवारी सकाळी आठला एकवीसही जण हजर! मला भरून आलं. मग मी त्यांचे कपडे बघितले. गायकवाडकाका रिक्षातून उतरले ते कडक इस्त्रीच्या पांढऱ्या सफारीत. खिशाला बॅज, गळ्यात शिट्टी.

"काका, आज रंगवायचंय ना?"

"मग? रंगकाम प्रमुखच डाग पडलेल्या कपड्यांत आला तर टीमसमोर काय इज्जत राहील? बरं, टीम कुठाय माझी?"

हाच प्रश्न मला पुढच्या दहा मिनिटांत आणखी वीस वेळा विचारला गेला. लोखंडेमावशी रिकाम्या हातांनी आल्या होत्या. मी घाबरत घाबरत नाश्त्याचं विचारलं.

"मी प्रमुख आहे ना? मी चव बघणार. करणाऱ्या बायका कुठायत?"

कॅम्पची देखभाल हिराबाई करते. जवळच्याच कोळीवाड्यातली, फाटकाची किल्ली गेली कित्येक वर्षं तिच्याच कमरेला. ती आंब्याखाली जमलेली ही गर्दी बराच वेळ बघत होती. शेवटी माझ्याजवळ आली.

"साहेब, ही सगली मोठी मानसं हायत. कामाची मानसं कवा येनार?"

"हीच आहेत, हिराबाई."

"ही?" तिनं परत एकदा सगळ्यांना न्याहाळलं. "न्हाय साहेब. ही न्हाय." आणि ती एकटीच अंगण झाडायला निघून गेली.

प्रार्थना प्रमुखांनी उद्घाटनाची प्रार्थना सुरू केली. ते एकच खातं वेळेवर सुरू झालं. वेळेवर संपलं मात्र नाही. नंतर मी टाळ्या वाजवून म्हणालो, "चला, कामाला लागू या!" आणि सगळ्यांनी आपापल्या डावीकडच्या माणसाकडे बघितलं.

"पॉल, दोन ब्रश घे आणि माझ्या हाताखाली ये," गायकवाडकाका म्हणाले.

"काका, मी साहित्य प्रमुख आहे. मी कुणाच्या हाताखाली येत नाही. आणि ब्रश पाहिजे असेल तर तुमचा माणूस पाठवा, मी काढून देतो."

"माझा माणूस नाहीये!"

"मग देऊ कोणाला?"

ब्रश, झाडू, बादल्या सगळं एका मोरीत कुलूपबंद आणि किल्ली पॉलच्या खिशात. तिकडे चुना प्रमुख चुन्याच्या पोत्याशेजारी उभे, पाणी प्रमुख भरलेल्या पिंपाशेजारी उभे. दोघांमध्ये अंतर चार पावलांचं. चुना प्रमुख म्हणत होते, माझा चुना तयार आहे. पाणी प्रमुख म्हणत होते, माझं पाणी तयार आहे. चुना पाण्यात कुणी टाकायचा हे माझ्या यादीत नव्हतं! शिडी पूर्व आणि शिडी पश्चिम यांनी शिडीची एकेक बाजू धरून ठेवली होती आणि वर चढायला माणूस येण्याची वाट बघत होते.

दहा वाजता मी आंब्याखाली तातडीची बैठक घेतली. तिथं सगळ्यांनी एकमतानं ठरवलं की एक समन्वय समिती नेमावी. (तिचा प्रमुख मी.) साडेदहाला समन्वय समितीच्या लक्षात आलं की कुणीच काही खाल्लेलं नाही. अकरापर्यंत हॉलच्या आत एकही माणूस गेला नव्हता आणि भिंतींचे पोपडे मागच्या वर्षीच्या जागेवर सुखात होते.

तेवढ्यात फाटकाशी रिक्षा थांबली. सुवार्ता आली होती, रूथला घेऊन. रूथला आपली खाट कुठली ते आधीच बघून ठेवायचं होतं. हातात टॉर्च. ती पळत हॉलमध्ये गेली आणि चालत बाहेर आली.

"पप्पा, यंदा पण नाही ना?"

माझ्या छातीवर 'मुख्य संयोजक' लिहिलेला बॅज होता, इतरांच्यापेक्षा दीडपट मोठा मुद्दाम छापून घेतलेला. आयुष्यात इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. मी बॅज काढून खिशात टाकला आणि ओरडलो, "अहो, कुणीतरी हात लावा कामाला!" माझ्या ओरडण्यावर सगळ्यांनी माना डोलावल्या. त्यांचंही तेच म्हणणं होतं.

सुवार्तानं माझ्याकडे बघितलं, एकवीस बॅजांकडे बघितलं आणि पदर खोचला. मला वाटलं आता ही सगळ्यांना झापणार. ती सरळ गायकवाडकाकांसमोर जाऊन उभी राहिली.

"काका, मला काही पद नाहीये. मी तुमच्या हाताखाली. सांगा काय करू."

काकांचा चेहरा असा उजळला की काय सांगू! त्यांची टीम आली होती! पॉलनंही लगेच कुलूप उघडलं, कारण ब्रश घ्यायला आता 'माणूस' होता. सुवार्तानं वाटेत पाणी आणि चुना कालवला, म्हणजे इतका पातळ कालवला की चुना प्रमुख कळवळून ओरडले, "अगं, ताक करतेस की काय! सोड, सोड!" आणि बाह्या सरसावून पिंपात हात घालून बसले. मग तिनं ब्रश उलटा धरून भिंतीवर एक तिरका फराटा मारला. गायकवाडकाकांना ते बघवेना.

"असं नसतं गं बाई! वरून खाली, एका हातानं! दे इकडं!"

"मला कसं कळणार, काका? तुम्हीच दाखवा ना."

काकांनी दाखवलं. एक हात, दोन हात, एक भिंत. सफारी चुन्यासारखीच पांढरी असल्यामुळं फार काही बिघडलं नाही. गुडघ्यांची आठवण कुणालाच राहिली नाही, गुडघ्यांच्या मालकालाही नाही.

तोवर सुवार्ता लोखंडेमावशींच्या हाताखाली गेली होती. पोह्यांसाठी तिनं कांदा असा चिरला की एका कांद्याच्या चार फोडी झाल्या.

"हा कांदा आहे की कलिंगड?" मावशींनी सुरी हिसकावून घेतली. "हो बाजूला!"

मग ती झाडू प्रमुखांकडे गेली आणि कचरा हॉलबाहेर काढण्याऐवजी आत झाडायला लागली. मग जळमटांकडे. मग पॉलकडे, ज्याला तिनं "बादलीला हँडल कसं बसवतात रे?" असं विचारलं. शिडीवर ती एकच पायरी चढली आणि "आई गं!" म्हणून किंचाळली, तेव्हा पूर्व वर चढला आणि पश्चिमेनं खालून धरलं. बारा वाजेपर्यंत एकवीसही प्रमुख घाम गाळत होते आणि माझी बायको एका खात्यातून दुसऱ्या खात्यात कामं बिघडवत फिरत होती. पोहे आले तेव्हा लोकांनी एका हातात ब्रश धरून खाल्ले. हिराबाई पायरीवर बसून सगळं बघत होती.

"साहेब," ती मला म्हणाली, "बाय हुशार हाय तुमची."

"हो ना!" मी हसत म्हणालो. मला तर केव्हाच कळलं होतं. एवढी मोठमोठी माणसं, कशी एकेक करून फसली! गायकवाडकाका तर किती सरळ अडकले! मला हसू आवरेना.

तेवढ्यात सुवार्ता माझ्याकडे आली. चेहरा अगदी गरीब.

"अहो, सगळं होत आलं. तेवढी माळ्यावरची वटवाघळांची घाण राहिलीय. मी करते, पण ती ओली करून काढायची की कोरडी, मला काही कळत नाही."

"अगं, आधी पाणी शिंपडायचं, मग खरवडायची. कोरडी काढलीस तर सगळी धूळ डोळ्यांत जाईल. थांब, दाखवतो."

दीड तास मी माळ्यावर होतो.

चार वाजता हॉल असा पांढराशुभ्र झाला की हिराबाईनं आत येताना चपला बाहेर काढल्या. रविवारी संध्याकाळी पालक आले. एका आईनं भिंतीवरून बोट फिरवलं, ते पांढरं झालं, तिनं ते हळूच साडीला पुसलं आणि म्हणाली, "छान केलंय हो!" शिबिर पक्कं झालं. रूथनं तिसऱ्या खाटेवर टॉर्च ठेवून जागा धरली आणि माझ्या गळ्यात पडून म्हणाली, "पप्पा, तुम्ही खरंच करून घेतलंत!" माझे डोळे भरून आले. माळ्यावरची थोडी धूळ अजून डोळ्यांत असेलही, पण भरून आले हे खरं.

सोमवारी रूथला सोडून आम्ही घरी आलो. मी सुट्टीच घेतली होती. दुपारी जेवणं झाली आणि मी नेहमीप्रमाणे कढई घासायला घेतली. अर्धी घासून झाली आणि माझा हात थांबला. मी वळून बघितलं. सुवार्ता सोफ्यावर पाय वर घेऊन मोबाइल बघत होती.

"सुवार्ता, एक विचारू? तुला खरंच कढई घासता येत नाही?"

तिनं मोबाइल खाली ठेवला. चेहरा अगदी गरीब.

"नाही हो. किती प्रयत्न केला मी! तुमच्यासारखी चकचकीत होतच नाही."

मी बराच वेळ विचार केला. मग कढई उलटी केली आणि बुडाकडूनही घासली. बूड तर तिला अजिबातच जमत नाही.