डब्यावरचे तीस, टेपमधले बारा

गेल्या महिन्यात अंधेरीच्या आमच्या स्टुडिओत माझ्या जुन्या सहकाऱ्याचा सत्कार झाला. शाल त्याला, टाळ्या त्याला आणि चित्रीकरणाच्या संग्रहाचे सल्लागारपदही त्यालाच. मी तिसऱ्या रांगेत बसून ऐकत होतो. "बॅकअप टेपच्या डब्यावरच्या आकड्याची लबाडी मी पकडली," असे तो माइकवरून सांगत होता आणि मालिका काढणाऱ्या आमच्या मॅडम कौतुकाने मान डोलावत होत्या. हे धादांत खोटे आहे.

मुळात लबाडी नव्हतीच. डब्यावर ठळक अक्षरांत तीस टेराबाइट छापलेले होते आणि त्याखाली बारीक अक्षरांत बारा. टेपची खरी जागा बारा. मशीनने भरलेली माहिती दाबून लहान केली आणि ती अडीचपट बसलीच, तर तीस. बारीक अक्षरे वाचण्याची तसदी त्याने घेतली नव्हती.

शिवाय टेपची चाचणी त्याने कशावर घेतली? मालिकेच्या टाइप केलेल्या संवादांच्या फायलींवर! रोजच्या मालिकेत सासू तेच बोलते, सून तेच उत्तर देते. एकदा आलेले वाक्य मशीन पुन्हा लिहीत नाही, 'मागचेच' एवढी खूण ठेवते. त्यामुळे तिसापेक्षाही अधिक मावेल असे दिसले आणि हा गडी त्या हिशेबाने टेपा मागवायला निघाला.

"अरे, आपल्याला संवाद ठेवायचेत की शूटिंग?" मी त्याला अडवले. "कॅमेरा चित्र आधीच दाबून देतो. पिळलेला पंचा पुन्हा किती पिळशील?"

"तू ना, लग्नाच्या पंगतीतही जिलब्या मोजशील," तो हसला.

मी प्रत्यक्ष चित्रीकरण भरून दाखवले. टेप बाराच्या आसपास संपली. तेव्हा खोलीत आम्ही दोघेच होतो. तिसरे कोणी असते, तर ती शाल आज माझ्या खांद्यावर असती.

सत्कारानंतरच्या रविवारी तो पेढे घेऊन मुलुंडला माझ्या घरी आला. नव्या मालिकेसाठी किती टेपा लागतील, हे मॅडमनी त्याला विचारले होते.

"सांग ना रे, किती मागवू?"

"सल्लागार तू आहेस."

"चिडतोस काय यार! कमी पडल्या तर वाट लागेल माझी."

"मग मॅडमना माझ्यासमोर फोन लाव आणि आकडा कोणी काढला ते सांग."

त्याने मान्य केले. मी सगळे चित्रीकरण बाराने भागले, दुसऱ्या प्रतीसाठी दुप्पट केले, वर थोड्या राखीव टेपा धरल्या. त्याने फोन लावून स्पीकरवर टाकला.

"मॅडम, मुलुंडला याच्या घरी आलोय. आम्ही दोघांनी मिळून हिशेब केलाय."

"अरे वा! त्यांनाही सोबत घेतलंत? हा तुमचा मोठेपणा," मॅडम म्हणाल्या.

फोन ठेवून त्याने पेढे माझ्यापुढे सरकवले. मी हात लावला नाही. हिशेब दोघांनी केलेला नव्हता. त्याने केवळ फोन लावला होता.