मागच्याचं काम

आम्ही दोघंही पन्नाशीला टेकलेले मास्तर. बीडमध्ये एकाच क्लासवर शिकवायचो; तो गणित, मी रसायनशास्त्र. डॉक्टरनं साखरेवरून दोघांनाही दम भरला आणि आम्ही बारीक टायरच्या, वाकड्या हँडलच्या सायकली घेतल्या. सकाळी घट्ट चड्ड्या घालून निघालो की पाली गावचा चहावाला ठरल्यासारखा विचारायचा, "सर, पँट घरी इसरली का?" माझा मित्र हसायचा. मला राग यायचा. मला कशाचाही राग येतो.

हायवेवर चालवायचा आमचा एक नियम होता. पुढच्यानं फक्त पुढचं बघायचं: खड्डा, काच, कुत्रं. मागच्यानं कान मागं ठेवायचे आणि मोठी गाडी आली की ओरडायचं, "आली!" मग दोघांनीही पांढऱ्या पट्टीच्या बाहेर उतरायचं. पुढच्यानं मान वळवायची नाही, कारण त्या सायकलवर मान वळली की हँडलही वळतं. नियम त्यानं केला होता. गणिताचा माणूस, नियमाशिवाय त्याला चैन पडायचं नाही.

त्या दिवशी मांजरसुंब्याचा घाट चढून आम्ही चौसाळ्याकडं निघालो होतो. मी मागं होतो. फोन वाजला. एका विद्यार्थ्याच्या वडिलांना रविवारची टेस्ट किती वाजता आहे ते हवं होतं. मी बाभळीच्या सावलीत थांबलो. मित्राला हाक मारली नाही. वाटलं, गाठू की. टेस्टवरून ते गृहस्थ मुलाच्या झोपेवर आले, झोपेवरून मोबाइलवर आले आणि मीही बोलत राहिलो. तेवढ्यात एक ट्रक माझ्यापुढून गेला. मी तो बघितला. पुढं माझा मित्र एकटा आहे, हे मनातसुद्धा आलं नाही.

मी पोचलो तेव्हा तो कडेच्या मुरमात पालथा पडला होता. श्वास नव्हता.

पोलिसांनी विचारलं तेव्हा मी म्हणालो, मागंच होतो, ओरडलोही, पण ट्रक आवरलाच नाही. त्याच्या बायकोला, वहिनींना, तेच सांगितलं. वर आणखी एक सांगितलं, की तो जागच्या जागी गेला, त्याला काही कळलंसुद्धा नाही. त्या क्षणी ते आपोआप तोंडातून आलं. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला वहिनी माझ्याकडं बोट करून सांगायच्या, "हे भाऊ मागंच होते. आमच्या ह्यांला काई तरास झाला न्हाई म्हणतेत." मी मान हलवायचो. तेराव्यापर्यंत किती वेळा हलवली, देव जाणे.

जाण्याआधी त्यानं आमची दोघांची नावं एका ठिकाणी नोंदवून ठेवली होती. दक्षिणेत मोटारींच्या शर्यतीचा एक ट्रॅक आहे. तिथं एक दिवस सायकलवाल्यांना मोकळीक देणार होते. "चल बे," तो म्हणालेला, "एकदा तरी असल्या रोडवर चालवू, जिथं मागून काईच येणार न्हाई." मी जाणार नव्हतोच. पण वहिनींनी सायकल पुसून दारात आणून ठेवली. "ह्यांचीच न्या भाऊ. तेवढं तरी हू द्या त्यांचं." नाही म्हणायचं तर कारण द्यावं लागलं असतं.

सोलापूरपर्यंत ट्रॅव्हल्सनं गेलो, पुढं रेल्वेनं. चौसाळ्याच्या अलीकडं मी डोळे मिटून घेतले. मित्राची सायकल डिकीत आणि मी वर एसीत डोळे मिटून! भित्रा तो भित्राच.

ट्रॅक मात्र खरंच तो म्हणाला तसा होता. आमच्या हायवेच्या दोन्ही बाजू एकत्र केल्या तर भरेल एवढी रुंदी, मधे दुभाजक नाही, गतिरोधक नाही, शेणाचा पो नाही. वळणावळणाला लाल-पांढरे कठडे, आणि डांबरावर गाड्यांच्या टायरचे काळे ओरखडे. सायकल आवाजच करत नव्हती. त्याला हे किती आवडलं असतं, या विचारानं मला पहिल्याच फेरीत रडू आलं. चष्मा ओला झाला. पुसायला हात सोडायचीही भीती वाटत होती.

आणि एवढ्या रुंद रस्त्यावर मी चालवत होतो कुठून, तर डाव्या कडेच्या पट्टीवरून. दर थोड्या वेळानं मागं वळून बघत होतो. मान वळली की सायकल डगमगायची. झेंडा घेऊन उभा असलेला एक माणूस ओरडला, "अंकल, बीच में चलाओ! ट्रक नहीं आएगा!" बाजूचे चार जण हसले. त्या माणसाची काही चूक नव्हती. तरी सायकलवरून उतरून त्याच्या थोबाडीत द्यावी असं मला वाटलं.

तिसऱ्या फेरीला माझ्याच वयाची एक बाई शेजारी आली. माझी मान सारखी वळतेय हे तिनं पाहिलं असावं. म्हणाली, "आप आगे देखिए. मैं पीछे हूँ." बस्स, एवढंच. आणि ती खरंच माझ्या मागून येऊ लागली.

मी कडेवरून मधे आलो. खांदे सैल पडले. उतारावर ब्रेक न लावता वळण घेतलं. बीडमध्ये असं कधी केलं नव्हतं. वारा तोंडावर येत होता आणि पुढच्या काळ्या रस्त्याखेरीज मला काहीही बघायचं नव्हतं. तो गेल्यापासून पहिल्यांदा बरं वाटलं. एक पूर्ण फेरी गेली, दुसरी अर्धी झाली. आनंदाच्या भरात मी पुढं बघतच ओरडलो, "रास्ता अच्छा है ना?"

उत्तर आलं नाही. वळून बघितलं. मागं कुणीच नव्हतं.

ती केव्हाच बाहेर पडली होती. नंतर तंबूत भेटली, केळं खात होती. "पानी ख़त्म हो गया था," म्हणाली आणि हसली. तिचं काही चुकलं नव्हतं; तिथं मागून काही येणारच नव्हतं. पण मी पुन्हा ट्रॅकवर गेलो नाही. तोही असाच गेला असणार. खांदे सैल सोडून, मागं मी आहे या भरवशावर. कदाचित तोही काहीतरी बोलला असेल, आणि मी ऐकतोय असं त्याला वाटलं असेल.

परतीच्या वाटेवर मी ठरवलं, की सांगायचं.

सायकल परत द्यायला गेलो तेव्हा वहिनी शेंगा निवडत बसल्या होत्या. ट्रॅक कसा होता, ते सगळं त्यांनी विचारून घेतलं. रुंदी ऐकून "बाई गं!" म्हणाल्या. मग मी बोललो. म्हणालो, "वहिनी, त्या दिवशी मी मागं नव्हतो. फोन आला होता, मी लांब थांबलो होतो. त्याला सांगितलंही नव्हतं. ओरडलो वगैरे सगळं खोटं आहे."

वहिनींचे हात थांबले. शिव्या देतील, रडतील, घरातून घालवून देतील असं वाटलं होतं. खरं तर मला तेच हवं होतं. त्यांनी सूप बाजूला सारलं.

"किती येळ लागला तुमाला तिथवर जायला?"

"फोन पाच-सहा मिनिटं चालला. त्यानंतर तीन-चार."

"म्हंजे धा मिन्टं."

"हो."

त्यांनी वर बघितलं. "मग जागच्या जागी गेले, हे तुमाला कसं म्हाईत?"

मला माहीत नव्हतं. मी तसं सांगितलं.