आंब्रुशचं कुरण आणि संरक्षित खारी

आंब्रुश, तू हे वाचणार नाहीस, चष्मा सापडत नाही म्हणशील. तरी लिहिते, निदान बाकीच्यांना कळावं म्हणून. कुरणातल्या खारी 'मेंढपाळाच्या असहकारामुळे' गेल्या, असा अहवाल बुडापेस्टला गेलाय, आणि तो धादांत खोटा आहे.

टिसा नदीकाठच्या आमच्या गावाबाहेर आंब्रुश चाळीस वर्षं मेंढ्या चारत होता. त्याच कुरणात उर्गे राहायची, म्हणजे बीळ करून राहणारी मातकट खार. दिवसभर बिळाच्या तोंडाशी उभं राहून टेहळणी, कोल्हा दिसला की शीळ घालून आत. थंडीची चाहूल लागली की थेट मार्चपर्यंत झोप. आंब्रुशला तिचा हेवा वाटे.

मग निसर्गरक्षण कचेरीला ती दुर्मिळ असल्याचा शोध लागला. झालान नावाचा तरुण साहेब तारेचं कुंपण घेऊन आला. मेंढ्यांना बंदी! खुरांनी बिळं ढासळतात म्हणे.

"अरे, मेंढ्या चरतात म्हणून गवत आखूड राहतं. वाढलं की हिला कोल्हा येतोय की जावई, काय दिसणार? निघून जाईल ती."

"बाची," झालान त्याला काका म्हणायचा तो असा, "आमचा आराखडा शास्त्रीय आहे."

"मग तिला वाचून दाखव."

पहिल्या उन्हाळ्यात गवत गुडघ्याला लागलं, दुसऱ्यात कमरेला. खारीचं चित्र काढलेला फलकही त्यात बुडाला. खारी शेजारच्या गावच्या फुटबॉल मैदानावर राहायला गेल्या. तिथल्या गोलरक्षकाचा पाय मुरगळला. इकडे विकतच्या चाऱ्यावर कळप पोसता पोसता आंब्रुश घायकुतीला आला. एकशेतीस मेंढ्यांच्या अकरा उरल्या.

तिसऱ्या वसंतात झालान दोन दिवस दुर्बीण लावून बसला. एक ससा दिसला. मग टोपी हातात घेऊन आंब्रुशच्या अंगणात हजर.

"बाची, आम्हाला तिथे... चरणारे घटक हवेत."

"मेंढ्या म्हण की! जीभ झडते का?"

"मेंढ्या. पण अर्ज करावा लागेल."

अर्ज चौदा पानी. आंब्रुश तो घेऊन माझ्याकडे आला. 'चराईचा पूर्वानुभव' या रकान्यात मी चाळीस वर्षं लिहिलं. खाली 'पुरावा जोडा' होतं. शुक्रवारच्या बसने शहरात जाऊन मी तो कचेरीत द्यायचा, असं ठरलं.

गुरुवारी दुपारी आंब्रुश फाटकाशी उभा.

"राहू दे तुझं शहर. चारा संपला. सकाळीच विकून ट्रकमध्ये चढवल्या."

"सगळ्या?"

"अकराच तर होत्या."

आत ये म्हटलं तर आला नाही. शुक्रवारची बस मी गाठलीच नाही.