खिंडीचं नाव

शारकानला कुणी दूध दिलं तर ती आधी त्याचा वास घेई. बाजारात पीठ घेताना पोत्याच्या तळाशी हात घालून मूठ वर काढी, आणि विकणारा कितीही ओळखीचा असला तरी त्याच्या तोंडाकडे बघत राही. कोचकोरजवळच्या त्या गावातल्या शाळेत तिने उभं आयुष्य पाव भाजले. शाळेच्या साखरेच्या डब्याची किल्ली ती निवृत्त होईपर्यंत तिच्याच गळ्यात होती. तरी तिच्या खिडकीशी उभं राहिलेलं एकही मूल कधी रिकाम्या हाताने परत गेलं नाही. देताना ती एवढंच विचारी, ‘मघाशी घेऊन गेलास तो तूच ना?’ आणि उत्तराची वाट न बघता दुसरा पाव हातावर ठेवी.

गावातल्या बायकांची शेरिने असे. दर महिन्याला एकीच्या घरी सगळ्या जमत. मटणाचा रस्सा, कणकेचे तळलेले बोरसोक, साय आणि समोवार थंड होईपर्यंत चहा. जेवण झालं की प्रत्येकीने आपल्या माहेरचं एक गाणं म्हणायचं, असा त्यांचा रिवाज होता. गावातली प्रत्येक बाई कुठून तरी लग्न होऊन आलेली, त्यामुळे गाण्यांना तोटा नव्हता. कुणी तलासची, कुणी मोठ्या सरोवराच्या दक्षिण काठची, एक तर पार ओशकडची. तलासवालीच्या पॉप्लरच्या झाडांचं गाणं हळूहळू सगळ्या गावाचंच झालं होतं. शारकानसुद्धा कणीक मळताना ते गुणगुणे, आणि ते आपलं नाही हे तिच्या मनातही येत नसे.

तिची धाकटी जाऊ कुलबारा ही सगळी गाणी फोनवर टिपून घेई आणि गावच्या ग्रुपवर टाकी. तिथून ती बिश्केकला, मॉस्कोला, कुठे कुठे कामाला गेलेल्या पोरांपर्यंत पोचत. शारकानची पाळी आली की ती शाळेत शिकवतात तसलं काहीतरी म्हणून मोकळी होई. तिचं खरं गाणं तिने कधी कुणासमोर म्हटलं नव्हतं. ती सासरी निघाली तेव्हा तिच्या आईने गायलेला तो कोशोक होता. लेकीला निरोप देताना आई गाते, तो. आईने तो तिच्यासाठी रचला होता, त्यात त्यांच्या गावावरच्या खिंडीचं नाव होतं. आई गेली, भावाने घर विकलं आणि तो शहरात जाऊन राहिला. खिंडीपलीकडे आता शारकानचं म्हणावं असं कुणी नव्हतं. होतं ते एवढंच गाणं, आणि तेही ती गोठ्यात गाय पिळताना, दार लोटून म्हणायची.

त्या हिवाळ्यात गावात गुरांचे नवे डॉक्टर आले. त्यांची बायको जिपारा, पस्तिशीची, कमी बोलणारी. तिला पहिल्यांदा शेरिनेला बोलावलं ते कुलबाराच्या घरी. सगळ्यांचं म्हणून झाल्यावर जिपाराने हात मांडीवर ठेवले आणि सुरुवात केली,

‘थोरल्यांच्या खिंडीतल्या वाऱ्या, घटकाभर थांब रे,
लेक माझी निघाली सासरी, वाट तिची लांब रे.’

शारकानच्या हातातली वाटी तशीच राहिली. चाल तीच होती, शब्दही तेच. फक्त खिंडीचं नाव बदललेलं. तिच्या आईने ‘जानीबेकच्या खिंडीतल्या’ असं म्हटलं होतं. चोरीची गाय विकायची म्हणून तिच्या कानावरची खूण कापावी, तसं हे नाव कुणीतरी कापलं आहे, असं तिला वाटलं. पुढचं ऐकायला ती थांबली नाही. वासराचं निमित्त काढून उठली.

वाटेत तिने सगळं जुळवलं. जिपारा गावात आल्याला दोन महिनेही झाले नव्हते. तिचं माहेर कुठलं हे शारकानला ठाऊक नव्हतं, आणि विचारायची गरजही वाटली नाही. तिला गाणं मिळालं असेल तर या गावातूनच. आणि गोठ्याला लागून कुणाचं अंगण आहे? कुलबाराचं. फोन कुणाच्या हातात असतो? कुलबाराच्या. गेल्याच आठवड्यात कुलबारा पहाटे भिंतीशी उभी होती, कोंबडी शोधतेय म्हणाली होती. कोंबडी म्हणे.

दुसऱ्या दिवसापासून गोठ्याच्या फटी गोणपाटाने बुजल्या. कुलबाराने साय भरून पाठवलेलं भांडं धुऊन रिकामंच परत गेलं. असं भांडं आलं की बाई समजायचं ते समजते. कुलबारा विचारायला आली तेव्हा शारकान दारातच उभी राहिली. काय झालं, असं कुलबाराने पुन्हा पुन्हा विचारलं. काही नाही, असं शारकानने प्रत्येक वेळी सांगितलं, आणि बोलताना जावेच्या खिशातल्या फोनकडे बघत राहिली. शेवटी कुलबारा वैतागून म्हणाली, ‘एजे, माझ्या खिशात साप आहे का?’ त्यावर शारकानने दार लावून घेतलं.

ग्रुपवर जिपाराचं गाणं फिरत होतं. दुकानदारीण ते गुणगुणत होती. मॉस्कोहून शारकानच्या मुलीनेच फोन करून सांगितलं, आई, तुमच्या शेरिनेतलं एक नवं गाणं फार आवडलं, ऐकलंस का. शारकानने फोन ठेवला आणि चुलीत नको तितकी लाकडं घातली. ज्या मुलीला तिने ते गाणं स्वतः कधी ऐकवलं नव्हतं, तिला ते परक्या तोंडून मिळालं होतं.

पुढची शेरिने शारकानच्या घरी होती. तिने मेंढा कापला, बोरसोकांचा ढीग केला, कुणी नाव ठेवू नये अशी पंगत मांडली. चोर घरात बोलवून धरायचा तर त्याला आधी नीट जेवू घालावं, असा काहीसा तिचा विचार असावा. सगळ्यांत मोठ्या बुरमा आपाला तिने वरच्या गादीवर बसवलं, कुलबाराला दाराजवळ. जेवण झाल्यावर ती स्वतःच जिपाराला म्हणाली, मागच्या वेळचं पुन्हा म्हण, मला उठून जावं लागलं होतं.

जिपाराने पहिली ओळ म्हटली आणि शारकानने हात वर केला.

‘थांब. कोणती खिंड ही?’

‘आमच्याकडची, एजे.’

‘तिला नाव असेल ना. थोरल्यांची म्हणजे कोणाची?’

जिपारा लाल झाली. तिने रुमालाचं टोक ओढलं.

‘माहेर तुझं, खिंड तुझी, गाणं तुझं,’ शारकान म्हणाली, ‘आणि नाव तेवढं येत नाही? की ज्याने गाणं दिलं त्याने नाव सांगितलंच नाही?’ हे म्हणताना ती दाराकडे बघत होती.

जिपाराने मान आणखी खाली घातली. शारकानला वाटलं, धरला. मग कुलबारा सावकाश म्हणाली, ‘एजे, मागच्या महिन्यात तुम्ही गायीला सुई टोचायला दवाखान्यात गेला होतात.’

‘गेले होते. त्याचं काय?’

‘दारावरची पाटी वाचलीत? डॉक्टर एरमेक जानीबेकोव. म्हणजे हिच्या सासऱ्यांचं नाव काय?’

बुरमा आपाने तोंडातला खडीसाखरेचा खडा बाजूला सारला. ‘सुनेकडून सासऱ्याचं नाव काढून घेतेस, शारकान? तुझे सासरे ताशबोलोत. त्यातलं ताश म्हणजे दगड, म्हणून तू जन्मभर दगडाला दगड म्हणाली नाहीस. कठीण म्हणतेस. कठीणाने कोबी दाबते, म्हणतेस.’

दोन-तीन जणी हसल्या. शारकानही हसली असती, पण तिला ते सुचलं नाही. नावाच्या जागी थोरले. तिला पहिल्याच ओळीला कळायला हवं होतं. अशा शब्दांची अदलाबदल तिच्या स्वतःच्या तोंडात चाळीस वर्षं होती. पण माणसाने चोरी ऐकायचीच ठरवल्यावर त्याला दुसरं काय ऐकू येणार.

तरी तिचा प्रश्न सुटला नव्हता. गाणं कुठून मिळालं, असं तिने विचारलं, आता जरा हलक्या आवाजात.

जिपाराने सांगितलं. तिची आई ती लहान असतानाच वारली. खिंडीपलीकडे तिच्या लग्नात निरोपाच्या वेळी गायला कुणी नव्हतं. मग वरच्या ओढ्याकडची एक म्हातारी आली, तिने जिपाराला जवळ घेतलं आणि आईच्या जागी उभं राहून गायली. गावात जिला आई नाही तिच्यासाठी ती गायची. तिची स्वतःची लेक खिंडीअलीकडे लांब दिलेली होती. ‘म्हणायच्या, माझं गाणं घरात नुसतं पडून आहे, ते तू ने.’

शारकान उठली आणि समोवारात पाणी घालायला गेली. समोवार भरलेला होता. तिच्या माहेरी वरच्या ओढ्याकडे एकच घर होतं, आईचं. म्हणजे आईने ते दुसऱ्यांना गायलं. आपण गाणं गोठ्यात दार लावून सांभाळत राहिलो, आणि आई तिकडे लग्नालग्नातून वाटत होती. परत येऊन बसल्यावर तिचा आवाज पुन्हा कडक झाला.

‘किती जणींना गायल्या त्या?’

‘मला कसं माहीत असणार, एजे?’

‘आणि ते त्यांनीच रचलेलं, कशावरून? म्हाताऱ्या बायका काहीही सांगतात.’

जिपारा म्हणाली की रचलेलं असावं, कारण शेवटचं कडवं त्या दर वेळी निराळं म्हणायच्या. तिच्या लग्नात म्हटलेलं तिला आठवत होतं. तिने ते म्हटलं,

‘खिंडीवरती बर्फ बसलं, पाहुणा उठेना,
लेकीकडची वाट माझ्या डोळ्यांतून मिटेना.’

हे कडवं शारकानने कधी ऐकलं नव्हतं. सगळ्या गावात बर्फ पडतं. ‘बसलं’ फक्त तिची आई म्हणायची. सकाळी दार उघडून, चिडून, नको असलेला पाहुणा आल्यासारखं. शारकान जिपाराच्या तोंडाकडे बघत राहिली. बाजारात पीठवाल्याकडे बघायची तशीच, पण बराच वेळ.

‘पुन्हा म्हण,’ ती म्हणाली.

जिपाराने पुन्हा म्हटलं. शारकानने तिला ते तिसऱ्यांदाही म्हणायला लावलं, आणि मग सांगितलं की ती म्हातारी तिची आई. बुरमा आपाने तिच्या वाटीत चहा ओतला, तो तिने वास न घेता प्यायला.

मग जिपारानेच विचारलं. ‘एजे, पहिली ओळ तुम्ही म्हणाल का? नावासकट. लग्न झाल्यापासून मी ती तशी ऐकलेली नाही.’

शारकानने दाराकडे पाहिलं. ‘तुझा फोन चालू आहे का?’

कुलबाराने फोन उलटा करून दाखवला. बंद होता.

‘मग इकडे येऊन बस आणि चालू कर,’ शारकान म्हणाली आणि सायीची वाटी तिच्याकडे सरकवली. ‘पण कुणाकुणाला पाठवणार ते आधी सांग.’

‘मॉस्कोला पहिल्यांदा,’ कुलबारा म्हणाली.

शारकानने घसा साफ केला. गोठ्याबाहेर तिने हे कधी म्हटलं नव्हतं, आणि सुरुवातीला आवाज गायीला बिचकवू नये इतकाच निघाला. जिपाराचे ओठ तिच्यासोबत हलत होते. खिंडीचं नाव आलं तेव्हा तिने सुनेसारखी मान खाली घातली, तेवढा एक शब्द ओठ मिटून ऐकला, आणि पुढच्या शब्दाला पुन्हा साथ धरली.