एकाच बाजूचा आवाज

"वारा आणि वचन, धरलं तरच आपलं," असं गुणाजी तांडेल दिवसातून दहा वेळा म्हणायचा. तरुणपणी शिडाच्या होडीवर त्याने वारा धरला. पुढे गुडघे गेले, होडी पुतण्याच्या हाती गेली, आणि गुणाजी वचनं धरायला लागला. त्यासाठी त्याने मोबाईलमध्ये एक ॲप घेतलं होतं. फोन आला की ते आपोआप सुरू व्हायचं आणि दोन्हीकडचं बोलणं टिपून ठेवायचं.

नागावच्या पुढे, सुरूच्या बनाला लागून आमचा कोळीवाडा. इथे कागदावर कुणाचा फारसा विश्वास नव्हता. तोंडावर होता, आणि तो गुणाजीने घालवला. बर्फवाला म्हणाला, "पहाटे गाडी पाठवतो असं मी कधी बोललो?" तर गुणाजीने त्याला त्याचाच आवाज ऐकवला. त्या दिवसापासून गुणाजीशी फोनवर बोलताना माणसं देवळात बोलावं तशी बोलू लागली. त्याचा सख्खा मेव्हणा तर नुसता 'हूं' म्हणायचा. हूंमध्ये सापडण्यासारखं काही नसतं. कुणाचा काही बोलीचा व्यवहार असला की लोक गुणाजीच्या फोनवरून बोलायला येत. गुणाजी पायरीवर बसून, डोळे मिटून, पुरावा गोळा करायचा. वाड्यात त्याला मान होता, आणि तो मान त्याच्या चालण्यातही उतरला होता.

मग एका सकाळी फोनने विचारलं, नवीन सिस्टीम आली आहे, घेऊ का? दारात आलेल्याला नाही म्हणायची आमच्याकडे रीत नाही. गुणाजीने हो म्हटलं. अर्धा तास फोन काळा पडून राहिला आणि उठला तेव्हा ॲप मुकं झालं होतं. रेकॉर्डिंगची यादी वाढत होती, पण प्रत्येकात नुसती शांतता.

गुणाजी एसटीने अलिबागला गेला. बाजारपेठेत भाविकाचं मोबाईलचं दुकान आहे. पोरगी हुशार, हात चपळ. तिने आधी ॲपच्या परवानग्या बंद करून परत चालू केल्या. मग ॲप काढलं, परत घातलं. मग कुठून तरी त्याचं जुनं रूप शोधून आणलं, तर फोन म्हणाला हे धोक्याचं आहे, घेणार नाही. शेवटी सेटिंगमध्ये खोल उतरून ती ज्या बटणापर्यंत पोचली, ते करडं पडलेलं. दाबलं तरी दबेना.

"काका, हे ॲपचं दुखणं नाही," ती म्हणाली. "फोनवाल्यांनी नियमच बदललाय. समोरच्याचं बोलणं आता ॲपला मिळत नाही. परवानगी परत दिली म्हणून तुमचा माइक तेवढा मिळतो."

"म्हणजे चालतंय ना?"

"अर्धं चालतंय."

"बघू दे."

गुणाजी दुकानाबाहेर गेला, रस्त्याच्या कडेला उभा राहिला आणि तिथून भाविकाला फोन लावला. होडीवरून किनाऱ्याला हाक मारावी तसा बोलला. परत येऊन त्याने रेकॉर्डिंग लावलं. "हॅलो, मी गुणाजी तांडेल बोलतोय!" असा खणखणीत आवाज दुकानभर झाला. कव्हरं चाळणारी दोन गिऱ्हाईकं दचकली.

"वाजलं!" गुणाजी म्हणाला. त्याचा चेहरा भरतीच्या खाडीसारखा भरून आला.

"काका, यात मी कुठे आहे? मी तीनदा विचारलं, ऐकू येतंय का म्हणून."

"तुझा आवाजच बारीक, बाय."

"बारीक नाही, तो आलाच नाही. असं करा, फोन स्पीकरवर टाकून बोला. मग समोरचाही टिपला जाईल."

"स्पीकरवर? रस्त्यानं बोंबलत जायला मी काय भंगारवाला हाय?"

भाविकाने आणखी एकदा सांगितलं. मग दुसरं गिऱ्हाईक आलं. गुणाजी एसटीत बसून वाड्यापर्यंत आपला आवाज ऐकत आला, आणि प्रत्येक वेळी त्याला तो पुरेसा वाटला.

त्याच आठवड्यात खळ्याचा प्रश्न उभा राहिला. खळं म्हणजे आमच्या बायांची मासळी वाळवायची जागा. खाली जवळा, म्हणजे बारीक कोलंबी, पसरतात, वर बांबूला दोऱ्या बांधून बोंबील टांगतात. जागा दुसऱ्याची, पण जुन्या मालकाने कधी हटकलं नाही. यंदा ती माणगावच्या प्रज्योतशेठने घेतली. त्याला तिथे पाहुण्यांसाठी खोल्या बांधायच्या होत्या, आणि खोल्यांआधी कुंपण. जवळ्याचा हंगाम तोंडावर आलेला. खळं गेलं तर वीस घरांचा जवळा टोपलीतच कुजणार, हे सांगायला कुणी शहाणा लागत नव्हता.

बायांनी गुणाजीला पुढे घातलं. तो किनाऱ्यावर, वाऱ्याकडे पाठ करून, फोन कानाला घट्ट लावून प्रज्योतशेठशी बोलला. परत येऊन म्हणाला, "पाऊस लागेपर्यंत खळ्याला हात लावणार न्हाय, असं शेठ बोललाय. वचन माझ्या खिशात हाय."

पंधरा दिवसांनी खळ्याच्या कडेला सिमेंटचे खांब येऊन पडले.

समाजमंदिरात बैठक बसली. बाया ओल्या जवळ्याच्या टोपल्या दारातच ठेवून आत आल्या. प्रज्योतशेठ गाडीतून उतरला तोच खालमानेनं. गुणाजीच्या फोनची कीर्ती त्याच्या कानावर गेली असणार. चहाला हात लावायच्या आधीच तो म्हणाला, "तांडेल, ते रेकॉर्डिंग वगैरे राहू द्या. मी शब्द दिलाय, मला आठवतंय. पावसाळ्यापर्यंत खळं तुमचं. खांब नुसते आणून ठेवलेत."

नीराबाई, गुणाजीची थोरली भावजय, पुढेच बसली होती. ती पदर खोचून उठली. "झालं तर मग. चहा घ्या शेठ. चला गं, ऊन हाय तोवर टोपल्या खळ्यावर न्यायच्यात."

इथे बैठक संपली होती. पण गुणाजीचा हात खिशात गेला होता.

"बसा वयनी. शेठ आज आठवतंय म्हणतात, उद्या इसरतील. सगळ्यांनी कानानं ऐकलेलं बरं."

"भावजी, माणूस कबूल झालाय. कशाला?"

"वाजू दे तरी."

त्याने फोन बैठकीच्या माइकजवळ धरला. समाजमंदिराचे दोन्ही भोंगे घुमले. आधी समुद्राचा वारा आला, मग गुणाजी.

"हां शेठ... नमस्कार शेठ." मग वारा. "बरोबर हाय, जागा तुमची, हक्क तुमचा." वारा. "आम्ही काय, आज हाय उद्या न्हाय." बराच वेळ वारा. "बायांचं मनावर घेऊ नका, त्या बोलतातच." वारा. "चालंल. चालंल शेठ. तुमी म्हणाल तसं."

तेवढंच. गुणाजीने फोन हलवला, पुढे सरकवला, मागे आणला. पुढेही तोच होता, मागेही तोच होता.

प्रज्योतशेठने मान वर केली. चहाचा कप उचलून त्याने सावकाश एक घोट घेतला.

"यात मी काही बोलल्याचं कुणाला ऐकू आलं का?" त्याने विचारलं. "मला तर तांडेलच 'चालंल' म्हणताना ऐकू आले. आठ दिवस देतो. जागा मोकळी करा."

गाडीचं दार लागल्याचा आवाज आला. खळ्याकडे कामगार वाट बघत होते, गाडी तिकडेच गेली.

"आमच्याबद्दलचं तेवढं साफ टिपलंय हो भावजी," नीराबाई म्हणाली. "एक अक्षर गेलं न्हाय."

मागून तुळशी, वाड्यातलीच एक सून, म्हणाली, "स्पीकरवर का न्हाय टाकला?" गुणाजीने फोन पालथा करून बघितला. भाविकाने सांगितलेलं त्याला आता ऐकू आलं असावं.

पुढचं आताच सांगतो, म्हणजे कुणी उगाच आशेवर राहायला नको. नवव्या दिवशी कुंपण झालं. यंदा आमच्या बायांनी डांबरी रस्त्याच्या कडेला जवळा वाळवला, आणि शनिवार-रविवारी पर्यटकांच्या गाड्यांनी त्यातला निम्मा चिरडला.

पण त्या दुपारी हे कुणाला ठाऊक नव्हतं. नीराबाईने हात पुढे केला. "फोन इथे ठेवा. शेठ अजून खळ्यावर असंल. जा, आणि तोंडानं बोला त्याच्याशी. आमच्यासाठी बोला."

गुणाजीने फोन सतरंजीवर ठेवला. चपला शोधायला त्याला वेळ लागला. पायऱ्या तो एकेक करून, कठडा धरून उतरला. मग वाळूच्या वाटेला लागला, दुखरा पाय आधी टाकत, कानाशी काहीही न धरता. त्याचे ओठ हलत होते. काय बोलायचं ते तो जुळवत असावा.

नीराबाई पायरीवर उभी राहून बघत होती. तिच्यामागे वीस बाया, ओल्या जवळ्याच्या टोपल्या कमरेला लावून. सुरूच्या झाडांत तो दिसेनासा झाला, तरी एकीनेही टोपली खाली ठेवली नाही.