लेकीची खोली भाड्याने

मीटर रीडर म्हणून निवृत्त झालेल्या काकांना रिकामी जागा बघवत नसे. लेक लग्न होऊन परगावी गेली, तिची खोली कुलूपबंद पडली आणि आठवडाभर आकडेमोड करून काकांनी काकूंना निकाल ऐकवला.

"भाडेकरू ठेवायचा. निव्वळ फायदा."

"आणि लेक आली तर झोपेल कुठे?"

"तेही धरलंय. वर्षातून सहा दिवस."

फायद्याची सुरुवात खर्चाने झाली. रंग, पलंग, पंखा आणि खोलीपुरता वेगळा मीटर. एवढे पैसे वसूल व्हायला किती दिवस लागतील, असं जावयाने विचारलं. "चौदा महिने," असं पुटपुटून काकांनी विषय बदलला.

भाडेकरू मिळाला तो दातांच्या कवळ्या बनवणारा चाळिशीतला गृहस्थ. एकटा, निर्व्यसनी, भाडं एक तारखेला हातात. दिवसभर मुक्या दातांच्या संगतीत काढल्यामुळे असेल, पण संध्याकाळी त्याच्या तोंडाला खळ नसे. आला की थेट स्वयंपाकघरात स्टूल ओढायचा, काकूंना मटार सोलून द्यायचा आणि नवी कवळी बसताच कोणती बाई नवऱ्याला काय बोलली, ते साभिनय सांगायचा. काकू पोट धरधरून हसायच्या.

महिनाअखेरीस काकांनी दोन्ही मीटर वाचले. खोलीचे चार युनिट. घरचे मात्र चाळीसने वाढलेले.

"आपल्या दिव्याखाली बसतो, आपल्या पंख्याचा वारा खातो, वर चहा पितो!"

"मग सांगा त्याला जायला," काकू शांतपणे म्हणाल्या.

काकांनी पुन्हा कागद काढला. तो गेला तर पलंगाचेही पैसे बुडणार. शेवटी त्यांनी तोड काढली. कवळीवाला स्वयंपाकघरात रमला की आपण पेपर घेऊन त्याच्या खोलीत जायचं आणि त्याचा पंखा पाचवर ठेवून त्याच्या पलंगावर लोळायचं. पुढच्या महिन्यात खोलीचा आकडा टुणकन वर गेला. काकांनी गंभीर चेहऱ्याने पावती फाडली. कवळीवाल्याने मुकाट्याने पैसे मोजले.

"काका, उशी जरा टणक आहे ना? दुसरी आणतो."

काकांचे कान लाल झाले. दोन दिवस ते त्या खोलीकडे फिरकले नाहीत. तिसऱ्या दिवशी नवी उशी आली. ती खरोखरच मऊ होती.

वर्ष भरायच्या आतच कवळीवाल्याला दुसऱ्या शहरात चांगलं काम मिळालं. जाताना तो काकूंच्या पाया पडला आणि उशी ठेवून गेला. स्वयंपाकघरातला दिवा आता लवकर मालवू लागला. महिन्याने काकांनी बिल काकूंपुढे धरलं.

"बघ, चाळीस युनिट वाचले!"

काकूंनी बिलाकडे पाहिलंही नाही.

"जाहिरात द्या," त्या म्हणाल्या. "बोलका माणूस हवा, असं स्पष्ट लिहा."

"आणि भाडं किती लिहू?"

"तुम्हाला द्यायला झेपेल तेवढं लिहा."