जागेवरचा नारळ

चिंचमळ्यात धोंडाबाईच्या तोंडाला लागायची कुणाची छाती नव्हती. दुधाच्या मापात हात मारणारा असो की मतं मागायला आलेला असो, ती सुरू झाली की भलेभले चपला हातात घेऊन पळायचे. बाई फटकळ आहे, असं लोक म्हणायचे. अरे, फटकळ नसेल तर काय करेल? शेळगावच्या शिवारातली ही एवढीशी वस्ती. घरं मोठ्या रस्त्याच्या ह्या अंगाला अन् झाडून सगळ्यांची रानं त्या अंगाला. हा चौपदरी रस्ता ज्या कुणी आखला, त्यानं पुण्यात बसून कागदावर सरळ रेघ ओढली आणि चहाला निघून गेला. रेघेच्या एका बाजूला माणसं राहिली अन् दुसऱ्या बाजूला त्यांचं पोट, हे त्याला कुठनं दिसणार? उंटावरनं शेळ्या हाकायचं काम ते.

धोंडाबाई निरवांगीची लेक. लग्न होऊन आली तेव्हा हा रस्ता म्हणजे बैलगाडीची चाकोरी होती. नवरा रामहरी, ज्याला सगळी वस्ती आबा म्हणते, तो अबोल माणूस. संसारात बोलायचं काम सगळं तिनं केलं आणि राबायचं काम दोघांनी. दगडगोटे वेचून माळाचं रान केलं, कालव्याचं पाणी आणलं, ऊस उभा केला, बांधाला डाळिंबं लावली. आबांनी त्या रानावर जीव टाकला. बायकोला कधी 'जेवलीस का' म्हणून विचारलं नसेल, पण डाळिंबाला कळी धरली की माणूस दोन घास जास्त खायचा.

मग रस्ता रुंद झाला. मधी दुभाजक बांधला. वस्तीसमोर त्यात एक फट ठेवली होती, तिथनं लोक जीव मुठीत धरून ये-जा करायचे. आणि गेल्या साली उसाच्या वाढ्याचा भारा डोक्यावर घेऊन येताना आबांना गाडीनं उडवलं. गाडी थांबलीसुद्धा नाही. बारामतीला खुब्यात सळई घातली, जीव वाचला. पण माणूस वॉकरवर आला. वॉकर घेऊन तो रस्ता कसा ओलांडायचा? गाडीत घालून लांबच्या फाट्यावरनं वळसा मारावा, तर पलीकडं रस्त्याचा भराव पुरुषभर उंच. धडधाकट माणसं तिथं पायऱ्या खणून घसरत उतरायची.

तेव्हापासून आबा ओट्यावर बसून असायचे. समोर गाड्या पळायच्या आणि गाड्यांच्या वरनं उसाचे शेंडे दिसायचे. स्वतःचं रान, हाकेच्या अंतरावर, आणि पाय टाकता येत नाही. एकदा सून संजीवनी भाकरी वाढत होती, तेव्हा ते एवढंच म्हणाले, "मला एकदा बांधावर न्हे म्हणावं तुज्या सासूला."

सासू चुलीपाशीच बसली होती. तिला रडू आलं नाही, संताप आला. तळपायाची आग मस्तकात गेली. त्या दिवसापासून तिनं एकच ध्यास घेतला. बोगदा पाहिजे. वस्तीसमोरनं, रस्त्याच्या पोटातनं, वॉकरवरचा माणूस चालत जाईल असा बोगदा.

बोगदा मंजूर नव्हता असं नाही. होता की! पण कुठं? तिकडं लांब फाट्यावर, जिथं चिटपाखरू रस्ता ओलांडत नाही. तिथं कुणाचं तरी हॉटेल उभं राहत होतं म्हणे. आग रामेश्वरी अन् बंब सोमेश्वरी. आणि वस्तीसमोरची फट अपघात होतात म्हणून बंद करणार होते. म्हणजे दुखणं राहू द्या, दुखणाऱ्याचं तोंड बांधा!

अशात खबर आली, की आराखडा करणाऱ्या हापिसातले मोठे साहेब वस्तीवर येणार. लोकांचं म्हणणं ऐकणार, आणि ह्या खेपेला आराखड्यात जे जाईल त्यालाच निधी. पुढं कैक वर्षं विचारायचं नाही. ही खबर दिग्विजयनं आणली. दिग्विजय म्हणजे वस्तीचा तरणा पुढारी. पांढरा शर्ट, गॉगल, आणि प्रत्येक बॅनरवर कोपऱ्यात हात जोडलेला फोटो. पोरगं वाईट नाही, पण पुढाऱ्यांच्या मागं फिरून फिरून त्याला वाटायला लागलं होतं, की शाल घातल्याशिवाय सरकार हलत नाही.

सकाळीच धोंडाबाईनं त्याला गाठलं. "दिग्या, मला जरा बोलू दे सायबाबर."

"काकी, आधी मान, मग मागणं. सायेब खूश झालं की बोगदा आपोआप येतुय बघा. तुमी वस्तीतल्या थोरल्या, तुमी ओवाळा."

"ओवाळते. पर बोलणार."

"बोला की. कार्यक्रम झाल्यावर निवांत बोला."

मारुतीच्या देवळापुढं मांडव घातला होता. साहेब उशिरा आले. साहेब लोक उशिराच यायचे, त्याचं कुणाला काही वाटलं नाही. धोंडाबाईनं ओवाळलं, कुंकू लावलं, नारळ हातात दिला. संजीवनीनं आबांना खुर्चीत घालून मांडवाच्या कडेला आणून बसवलं होतं. त्यांनी नवा सदरा घातला होता. आज काहीतरी होणार, असं त्या माणसाला खरंच वाटत होतं.

आणि सत्कार सुरू झाले. तरुण मंडळातर्फे शाल. दूध संस्थेतर्फे शाल. सोसायटीतर्फे फेटा. बचत गटातर्फे गुच्छ. भजनी मंडळ राहिलं म्हणून रुसलं, त्यांची शाल वेगळी. एका चेअरमनचं नाव पुकारायचं राहिलं, तर त्याची समजूत काढण्यात वेळ गेला, मग त्याच्या हस्ते आणखी एक शाल. प्रत्येक शालीला फोटो, फोटो नीट आला नाही तर शाल काढून परत घालायची. पंखा नव्हता, साहेब घामानं निथळत होते आणि हसत होते. धोंडाबाई बायकांत बसून दातओठ खात होती. माणसं नुसती आभार मानत होती. कशाचे रे, मेल्यांनो? खुबा मोडल्याचे?

मग साहेब बोलायला उठले. विभागाची जोडणी, विकासाचा वेग, शेतमाल झटक्यात मुंबईला. चिंचमळ्याचा शेतमाल आधी रस्त्याच्या अलीकडं यायला पाहिजे, हे त्या भाषणात कुठं नव्हतं. शेवटी त्यांनी घड्याळ बघितलं. "तुमच्या प्रेमानं भारावून गेलो. पुढचा कार्यक्रम आहे, निघायला हवं. तुमच्या भावना माझ्यापर्यंत पोचल्या."

भावना पोचल्या म्हणे! एक अवाक्षर कुणी काढलं नव्हतं. दिग्विजयनं माईक धरून आभार सुरू केले, आणि माणसं चिवडा-लाडवाकडं वळली. आबांनी मान खाली घातली. एवढंच धोंडाबाईनं बघितलं आणि ती उठली.

"सायेब, थांबा."

"काकी, नंतर!" दिग्विजय आडवा आला.

"नंतर कवा? माजा नवरा मेल्यावर? सर बाजूला." त्याला हातानं सारून ती थेट साहेबांपुढं गेली. "सायेब, नारळ घेतलाय नव्हं तुमी आमचा?"

"हो आजी. आभारी आहे."

"आमच्याकडं नारळ जागेवर फोडत्यात. गाडीच्या डिकीत टाकून न्हेत न्हाईत. जिथं काम व्हायचं तिथं फोडायचा. चला."

फोटोवाले धावले. त्यांना बातमी दिसली. साहेबांनाही वाटलं असावं, म्हातारी हौशी आहे, एक फोटो होईल. अंगावर शालींचा ढीग, डोक्याला फेटा, हातात नारळ, असे ते तिच्या मागं निघाले. सगळी वस्ती त्यांच्या मागं, आबांनाही पोरांनी खुर्चीसकट उचलून आणलं. रस्त्याच्या कडेला ते थांबले. "इथं फोडू?"

"हितं न्हाय. रान पलीकडं हाय." आणि तिनं साहेबांचं मनगट धरलं. खुरपं धरणारा हात तो, सुटतोय होय? "चला, मोकळं हाय."

काय होतंय हे कळायच्या आत ती त्यांना घेऊन निघाली. पहिल्या अंगाच्या गाड्या चुकवल्या. दुभाजकाच्या फटीत दोघं उभी राहिली, आणि मागनं-पुढनं ट्रक असे गेले, की साहेबांची एक शाल उडून टायरखाली गेली. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "आजी, सोडा. मरू आपण!"

"मरत न्हाय. गपगुमान चला." दुसरं अंग तिनं त्यांना जवळजवळ ओढतच पार केलं.

पलीकडं भरावाच्या काठावर साहेब धापा टाकत उभे राहिले. समोर धोंडाबाईचा ऊस, बांधाला डाळिंबं. तिनं त्यांच्या हातातला नारळ घेतला, काठावरच्या दगडावर आपटला. पाणी त्यांच्या बुटांवर उडालं. एक भकल तिनं त्यांच्या हातावर ठेवलं.

"त्यो बघा, खुर्चीत बसलाय त्यो माजा नवरा. वाढ्याचा भारा घेऊन हितनं घरला जाताना त्याला गाडीनं उडवला. सालभर झालं, ह्या रानात त्याचा पाय न्हाय. बोगदा तुमी तिकडं फाट्यावर न्हेलाय. आमाला त्यो हितं पायजे. एवढंच सांगायचं व्हतं. तुमी शाली घालून घेतल्या, मला बोलाया येळच दिला न्हाई."

पलीकडनं दिग्विजय हात हलवून काहीबाही ओरडत होता, ट्रकांच्या आवाजात काही ऐकू येत नव्हतं. उरलेलं भकल पदरात बांधून धोंडाबाई भरावाच्या पायऱ्या उतरायला लागली. मोटर चालू करायची होती.

वरनं साहेबांचा आवाज आला. तो आता भाषणातला नव्हता. "आजी! ओ आजी! मी परत कसा जाऊ?"

धोंडाबाईनं वळूनही बघितलं नाही.

"रोज आमी जातो, तसंच जावा."